बिनलग्नाचा ढावलो

फुकट शिकवतात हे ऐकलं आणि लालीबाईच्या कपाळाला आठी पडली.

"फुकटात कोनी इखबी देत नाही," ती म्हणाली. "अन थे बाई आख्खी भाषा देऊन राह्यली? कोन्या मुलखाची म्हनतेस?"

"इटलीची, याडी. इटालियन," लेक जया म्हणाली.

"तिथं आपलं कोन हाय?"

कोणीच नव्हतं. दिग्रसच्या पलीकडे असलेल्या त्या बंजारा तांड्याचे सोयरे पार तेलंगणापर्यंत पसरलेले होते, पण इटलीत एकही आडे, राठोड किंवा पवार नव्हता. मग जिथं सोयरा नाही तिथली भाषा पोरीनं शिकायची कशाला? लालीबाईचा प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर जयाजवळ नव्हतं. "मले आवडते," एवढंच ती म्हणाली. आता आवडते हे काय उत्तर झालं? आवडायला काय, चिंचाही आवडतात.

लालीबाई आडे ही बाई तांड्यात संशयासाठी प्रसिद्ध होती. दुकानदारानं हसून नमस्कार केला की ती तराजूकडे बघायची. कुणी देवाचा प्रसाद हातावर ठेवला तर आधी हुंगायची, मग कपाळाला लावायची. एसटी दिग्रसला जाते का, हे कंडक्टरला विचारून झाल्यावर ड्रायव्हरलाही विचारायची, आणि दोघांनी हो म्हटलं तर हे आधीच ठरवून आलेत की काय असं तिला वाटायचं. नवरा फकिरा हंगामात जिनिंगमध्ये कामाला जायचा आणि उरलेलं वर्ष शेतात घालवायचा. त्याच्या पोटात काही म्हणता काही राहत नसे. त्यामुळे लालीबाई त्याला काही सांगतच नसे, आणि तो बिचारा याला संसारातलं सुख समजत होता.

बाई अशी का झाली हे तांड्यातल्या जुन्या बायांना माहीत होतं. गोरमाटीत, म्हणजे बंजारा समाजात, लग्न ठरलेल्या पोरीला रडायला शिकवतात. नुसतं हमसायचं नाही. मायबापाच्या, भावाच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून, चालीवर, शब्दांत रडायचं, एकेकाचा निरोप घ्यायचा. त्याला ढावलो म्हणतात. जाणत्या बाया लग्नाआधी पोरीला जवळ बसवून तो शिकवतात. लालीबाईला तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, तो शिकवला खेळ म्हणून. "बस व, तुहा गळा गोड हाय," म्हणाली. पोर हरखली. मोहाच्या झाडाखाली बसून तिनं सगळे ढावले असे पटापट उचलले की बायांनी तोंडात बोटं घातली. आपण आपलीच पाठवणी पाठ करतोय, हे तिला अंगाला हळद लागली तेव्हा कळलं. मग रीतीप्रमाणे तिला बैलाच्या पाठीवर उभी केली आणि निरोप म्हणायला सांगितलं, तर तिचं तोंडच उघडेना. वऱ्हाडी विचारायला लागले, पोरगी मुकी दिली काय? त्या दिवसापासून लालीबाई गायली नाही. आणि कुणी गोड बोललं की ती आधी त्याचा डाव शोधायची.

अशा बाईची पोरगी यवतमाळला कॉलेजात शिकत होती, हेच नवल. हॉस्टेलवर ठेवायच्या आधी लालीबाईनं तिथल्या भिंतीची उंची डोळ्यांनी मोजून घेतली होती. पहिलं वर्ष जयानं मान खाली घालून काढलं. ती तोंड उघडायची तर वर्गातली पोरं तिच्या बोलण्यावर हसायची. मराठीत तांड्याचा हेल यायचा, इंग्रजी घशात अडकायचं. मग तिनं मागचा बाक धरला आणि बोलणंच सोडून दिलं. शनिवारी घरी यायची तीही मुक्यासारखीच. लालीबाईला वाटायचं, चला, पोरगी वळणावर आहे.

दुसऱ्या वर्षी प्रभावती मॅडम उगवल्या. नवऱ्याच्या नोकरीपायी या बाईंचं अर्धं आयुष्य इटलीत गेलं होतं. नवरा वारल्यावर त्या माहेरगावी, यवतमाळला परतल्या आणि कॉलेज सुटल्यावर रिकाम्या वर्गात इटालियन शिकवू लागल्या. जया तिथं मैत्रिणीच्या आग्रहानं गेली. ही मैत्रीण म्हणजे कहकशां, दिग्रसच्या युनूस मेकॅनिकची मुलगी. आणि तिथं एक गंमत झाली. त्या वर्गात सगळेच अडाणी होते. वकिलाचा मुलगाही अडखळायचा आणि तांड्याची जयाही. हसायचं तर कुणी कुणाला? जयानं कॉलेजात पहिल्यांदा हात वर केला तो त्या वर्गात. पुढे इतिहासाच्या तासालाही केला. मागचा बाक सुटला तो सुटलाच.

पण हे लालीबाईला कुठून कळणार? तिला दिसत होतं ते वेगळंच. मुकी पोरगी शनिवारी घरी आली की बोलत सुटायची, तेही हातवारे करून. एकदा जेवता जेवता तिनं बापाला विचारलं, "बापू, आज दिवस कसा गेला तुहा?" फकिरानं हातातला घास परत ताटात ठेवला. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. घाबरून म्हणाला, "काहून व? काय झालं?"

"काही नाही. तिकडं जेवताना असं इचारतात."

लालीबाईनं भाकरी थापता थापता 'तिकडं' हा शब्द टिपला. मग उन्हाळ्यात मायलेकी सरगुंडे करायला बसल्या, तर जया काडीवर कणकेची वळी गुंडाळता गुंडाळता हसायला लागली. म्हणे इटलीच्या दक्षिणेकडच्या बायाही अशाच काडीवर गुंडाळतात. लालीबाईनं हातातली काडी खाली ठेवली.

"म्हंजे आपलं चोरून नेलं त्याइनं," ती म्हणाली.

दिवस जाऊ लागले तशी जयाची चौकशी वाढली. याडी, तू लहानपणी काय खेळायचीस? तुझी याडी कशी होती? तुझं लग्न कसं झालं? जन्मात न विचारलेले प्रश्न पोरगी एकाएकी विचारते म्हणजे कुणीतरी विचारायला लावलं आहे. हापशीवर बाया बोलायच्या की परदेशात म्हाताऱ्यांची सेवा करायला पोरी लागतात, आधी भाषा शिकवतात, मग विमानात बसवतात, पासपोर्ट काढून घेतात. कुणाच्या मावसजावेच्या भाचीचं असं झालं होतं म्हणे. लालीबाई एरवी हापशीवरच्या गोष्टीतलं चार आणेही खरं मानत नसे. ही मात्र तिनं सोळा आणे मानली.

दिवाळी तोंडावर आली. सोयाबीन घरात आलं होतं, कापूस फुटायला लागला होता. त्या शनिवारी जया आली ती घाईतच. रविवारी सकाळी लालीबाईनं दाराआडून तिचा फोन ऐकला.

"हो, गुरुवारी. तयारी झाली माही," जया हळूच सांगत होती. "नाही व, घरी नाही सांगतलं. याडीले कळलं तं थे येऊच देनार नाही मले."

लालीबाईनं 'गुरुवारी' हा शब्द टिपला. तरी ती शांत राहिली, कारण नुसता शब्द म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा दुपारी मिळाला. सेवालाल महाराजांच्या देवळामागून रडण्याचा आवाज आला म्हणून ती गेली, आणि भिंतीला धरून उभीच राहिली. तिची चुलतसासू पुष्पाकाकी कडुनिंबाखाली बसली होती. जया तिच्या गळ्यात पडून ढावलो म्हणत होती. आवाज भरून आलेला, चाल बिनचूक. लेकीनं मायचा निरोप घ्यायचा तोच ढावलो.

तांड्यात लग्न नाही. जयाची कुठं सोयरीक नाही. बिनलग्नाचा ढावलो कुणी म्हणत नाही, तो अपशकुन. मग पोरगी ढावलो शिकते ती का? दुसऱ्या मुलखातल्या बाईनं हे ऐकून म्हटलं असतं, शिकत असेल गाणं. पण जी बाई स्वतः एकदा खेळ म्हणून ढावलो शिकली होती, तिला त्याचा एकच अर्थ ठाऊक होता. पोरगी चालली. गुरुवारी चालली. लग्न करून की विमानात बसून, एवढंच कळायचं बाकी होतं. आणि जाताना बिचारी निरोप तरी रीतीनं घेते आहे, चोरून का होईना.

तिथंच पुढं होऊन "काय चाललं व?" असं विचारलं असतं तर सगळा गुंता सुटला असता. पण संशयी माणूस विचारत नाही. विचारलं की समोरचा सावध होतो, असं त्याचं शास्त्र असतं. लालीबाई आल्या पावली परतली, चूल पेटवली, आणि पोरीला आवडतं म्हणून वांग्याचं भरीत केलं. ते करताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराचं असेल असं जयाला वाटलं.

सोमवारी जया यवतमाळला गेली आणि लालीबाई तडक तांड्याच्या प्रमुखाकडे, रामराव नायकाकडे गेली. महागावकडच्या एका तांड्यातल्या पवारांनी उन्हाळ्यापासून जयाला मागणी घातली होती. मुलगा बादल, घरचं मळणीयंत्र, निर्व्यसनी. तोवर लालीबाईनंच टोलवलं होतं. निर्व्यसनी आहे असं इतक्या वेळा का सांगतात, म्हणून.

"बलाव त्याइले," ती म्हणाली. "उद्याच गूळ खाऊ."

गूळ खाणं म्हणजे गोरमाटीत शब्द पक्का होणं. दोन्हीकडचे पंच बसतात, गूळ वाटतात, आणि एकदा तो जिभेवर विरघळला की मागं फिरता येत नाही. फकिरानं ऐकलं तेव्हा तो पहिल्यांदाच बायकोसमोर उभा ठाकला.

"पोरीले तं इचारू."

"इचारलं की पळते थे. तुले लेक पायजे का नाही पायजे?"

मंगळवारी पवार आले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, पोरगी कुठं आहे? लालीबाईनं डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, "कॉलेजात हाय. तिले मान्य हाय." फकिराला गुळाचा खडा गिळायला पाणी लागलं.

गुरुवारी सकाळीच दोघं यवतमाळच्या एसटीत बसली. बेत असा की पोरीला गाठायचं आणि हाताला धरून घरी आणायचं, पुढचं पुढं. कॉलेजच्या फाटकातच कहकशां भेटली.

"अरे, मावशी! जयानं बोलावलं तुमाले?" ती चकित झाली. "थे तं म्हने घरी सांगनारच नाही."

लालीबाईनं फकिराकडे पाहिलं. आता तरी पटलं? कहकशां मात्र दोघांना लगबगीनं आत घेऊन गेली. छोटा हॉल पोरांनी भरला होता. पुढे प्रभावती मॅडम बसल्या होत्या. पिकलेले केस, साधी सुती साडी. पोरी पळवणारी बाई दिसायला अशी नसते, असं फकिराच्या मनात आलं. अशीच असते, असं लालीबाईच्या मनात आलं. तिनं दाराजवळची खुर्ची धरली.

जयाचं नाव पुकारलं. ती उठून पुढे आली, डोळे मिटले, आणि कुणाच्याही गळ्यात न पडता, एकटीच उभी राहून ढावलो म्हणू लागली. हॉल चिडीचूप झाला. लालीबाईला तोंडावर पदर घ्यावा लागला. ढावलो संपला आणि जया इटालियनमध्ये बोलू लागली. हात हलत होते, आवाज ठाम होता. ही आपली मान खाली घालणारी पोर? त्या परक्या बोलण्यात मधूनच एक शब्द ओळखीचा आला. लालीबाई. मग पुन्हा, लालीबाई.

"काय सांगून राह्यली थे? माहं नाव काहून घेते?"

"परीक्षा हाय मावशी," कहकशां कानाशी कुजबुजली. "मॅडम म्हनतात, दुसऱ्याच्या घरचं शिकायचं तं आपल्या घराचं कुलूप आधी उघडा. आपल्या घरातली एक गोष्ट त्या भाषेत सांगायची. मी अब्बाच्या गॅरेजचं सांगतलं. जया सांगून राह्यली, इटलीत खाली गावागावांत मयतीले रडाले बाया बोलावत पहिले. त्याइच्या रडन्याले चाल असे, शबद असे. तवा तिले आपला ढावलो आठवला."

"अन मी?"

कहकशां ऐकून ऐकून एकेक वाक्य मराठीत देऊ लागली. माझ्या आईला ढावलो खेळ म्हणून शिकवला. ती सगळ्यांत लवकर शिकली, तिला त्याचा फार आनंद झाला होता. मग तिचं लग्न लावून दिलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. तिला फसवलं ते परक्यानं नाही, तिच्या आईनंच. हे मला आईनं कधी सांगितलं नाही, मी एका म्हातारीकडून काढून घेतलं. मी हे बोलणार असं आईला कळलं असतं तर तिनं मला इथं येऊ दिलं नसतं. ती फार लाजते या गोष्टीला.

एवढी वर्षं जे दुखणं लालीबाईनं एकटीनं गिळलं, ते पोरीनं शोधून काढलं होतं आणि परक्या भाषेत, परक्या माणसांसमोर, आईच्या बाजूनं मांडलं होतं. कुणी हसत नव्हतं. प्रभावती मॅडम चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

"आता शेवटचं," कहकशां म्हणाली. "म्हनते, माही आई कोनावर इश्वास ठेवत नाही. लोक हसतात तिले. पन त्याच्यानंच मी बिनघोर हाओ. जे तिच्यासंग झालं थे ती माह्यासंग होऊ देनार नाही. माहं लगन ठरीन तवा सगळ्यात आधी मले ठाऊक राहीन."

टाळ्या वाजल्या. फकिरानं टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच मांडीवर ठेवून दिले.

जयानं आईला पाहिलं, दचकली, मग धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. "याडी, तू ऐकलं? रागावली तं नाही ना व?" लालीबाईनं तिला घट्ट धरलं. तिच्या मनात एकच गोष्ट होती: हिला कळता कामा नये. आज घरी जायचं, पवारांचा शब्द परत करायचा, पाय धरावे लागले तर धरायचे, पण हिला यातलं अक्षरही कळता कामा नये.

प्रभावती मॅडम जवळ आल्या, हात जोडून म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं आज मला रडवलं हो."

"तुमी हिले तिकडं नेनार काय?" लालीबाईच्या तोंडून निघून गेलं.

"छे हो," मॅडम हसल्या. "मीच कशीबशी परत आलेय."

आणि त्याच वेळी फकिरा बोलला. त्याच्या पोटात मंगळवारपासून तो गूळ तसाच होता.

"जया, आमी तुहा गूळ खाल्ला बेटा. महागावच्या पवाराइचा."

जयाचे हात आईच्या गळ्यातून सुटले. "कवा?"

"परवा."

"मले न इचारता?"

फकिरा खाली बघत म्हणाला, "तुह्या याडीनं सांगतलं, तुले मान्य हाय म्हनून."

जया आईकडे बघत राहिली. कुणी बाजारात आपला माल बदलून ठेवला की आपण दुकानदाराकडे बघतो, तशी. लालीबाईला काय काय सांगायचं होतं. तो फोन, तो कडुनिंब, ती हापशीवरची गोष्ट. सांगून काय उपयोग? तिच्या याडीजवळही अशीच काही कारणं असतील, आणि ती लालीबाईनं कधी ऐकून घेतली नव्हती.

जयाला हॉस्टेलवर सोडून लालीबाई तांड्यात परतली आणि संध्याकाळी पंचांसमोर उभी राहिली. म्हणाली, पोरीला मान्य नव्हतं, मी खोटं बोलले. दोष माझा, पोरीचा नाही. पवारांची माणसं तावातावानं उठून गेली. रामराव नायकानं तिला चारचौघांत झाडलं. "गूळ खाऊन फिरवला तुनं. आतापासून तांड्यात तुहा शबद कोनी धरनार नाही," तो म्हणाला. लालीबाईनं मान खाली घालून ऐकून घेतलं. पोरीचं शिक्षण वाचलं होतं. तेवढ्यासाठी तिनं याहून जास्त ऐकलं असतं. ती हलकी होऊन घरी आली.

परीक्षेत जया पहिली आली. हे फकिरानं साऱ्या तांड्याला सांगितलं. इटालियनच्या पुढच्या वर्गालाही तिनं नाव घातलं, आणि या खेपेला लालीबाईनं कशाला म्हणून विचारलं नाही. शनिवारी मात्र जया आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. अभ्यास आहे म्हणाली. दिवाळीच्या अवसेला तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी दिवे घेऊन घरोघर मोठ्यांच्या पाया पडायला जातात, त्याला मेरा म्हणतात. जया लहानपणापासून एकदाही चुकली नव्हती. हॉस्टेल सुट्टीसाठी रिकामं झालं तरी तिचा पत्ता नाही, तेव्हा लालीबाईनं फोन लावला.

"मेऱ्याले येनार ना व?"

"येनार हाओ," जया म्हणाली. आवाजात राग नव्हता. "याडी, घरी कोन कोन हाय सध्या?"

"कोन राहीन? तुहा बापू अन मी."

"पाव्हने?"

"नाही माय. कोनीच नाही. खरंच नाही."

पलीकडून यवतमाळच्या स्टँडवरचा भोंगा ऐकू येत होता. म्हणजे पोरगी बॅग घेऊन एसटीपाशीच उभी होती.

"बापूले दे फोन," जया म्हणाली.

लालीबाईनं ओसरीवर बसलेल्या फकिराच्या हातात फोन दिला, आणि तो बोलेपर्यंत तिथंच उभी राहिली.